पारोशी

मूठ वळेना. प्रभातफेरी लालबागच्या नाक्यावर आली होती, निवडणूक तोंडावर होती, पुढच्या बायकांनी 'संयुक्त महाराष्ट्र' म्हणून ताल धरला आणि 'झालाच पाहिजे'ला बकुळेनं सगळ्यांबरोबर हात वर फेकला, तर वर गेला तो नुसता पंजा. बोटं फाकलेली. बसवाल्याला थांब म्हणावं तसा. तिला आधी हसूच आलं. दुसऱ्या घोषणेला तिनं बोटांना मनातल्या मनात दम भरला, वळा गं बायांनो, आज काय संप केलात? पण बोटं अर्ध्या वाटेवर येऊन थांबली. मूठ वळताना जिथं चार टेंगळं वर येतात तिथं काहीतरी जाड, सुजट, परकं भरून राहिलं होतं. मागची बाई म्हणाली, "अगो, मूठ वळ की! लोकांना आशीर्वाद कसले देतेस?" चारचौघी खिदळल्या. बकुळाही खिदळली, पंजा पदराखाली घेतला आणि उरलेल्या घोषणा नुसत्या गळ्यानं दिल्या. दहाच्या सुमाराला हात आपोआप मोकळा झाला, जसं काही झालंच नव्हतं. गार वारा लागला असेल, ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच, आणि शिमगा झाला तेव्हा सकाळी उठल्यावर आपले हात आपले नसतात हे तिला पुरतं कळून चुकलं होतं.

आता बकुळेची बोटं म्हणजे ऐऱ्यागैऱ्या बाईची बोटं नव्हेत हं. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात तिच्यासमोर सुताच्या कांड्या रांगेनं फिरत, आणि कुठलीही तार तुटली की दोन्ही टोकं शोधायची, चिमटीत धरायची, गाठ मारायची आणि पुढच्या तारेकडे वळायचं, हे सगळं ती जेवढ्या वेळात करी तेवढ्यात दुसरीला तार तुटलेली दिसायचीसुद्धा नाही. बारा वर्षांपूर्वी सीतारामशी लग्न होऊन ती कुडाळकडून बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरली तेव्हा सतरा वर्षांची होती, आणि तिला गाठ म्हणजे फक्त गाईच्या दाव्याची ठाऊक होती. सीताराम साच्यांवर कापड विणायचा. त्यानं तिला वाइंडिंगमध्ये चिकटवली, आणि तिथं बायकांवर जिची देखरेख असते त्या नाईकिणीनं, मीराबाईनं, पहिल्याच दिवशी तिच्या हातात तुटकं सूत ठेवून सांगितलं, "डोळे मीट. आता बांध." बकुळा घामाघूम झाली. मीराबाईनं तिची गाठ ओढून पाहिली, सुटली, परत दिली. सुटली, परत दिली. संध्याकाळी एक गाठ टिकली. त्या वेळचा तो बोटांच्या टोकांना झालेला आनंद बकुळेला अजून आठवे. गावी तिला कुणी हुशार म्हटलं नव्हतं. घरात ती सीतारामची बायको, सुंदराबाईची सून; खात्यात मात्र मीराबाई नव्या पोरींना सांगे, हिच्याकडे बघा. आणि त्या बघत. तेवढ्या बघण्यावर ती बारा वर्षं जगली होती म्हटलं तरी चालेल.

म्हणून तिनं लपवलं. पहाटे पाचाला उठायचं, स्टोव्ह पेटवायला बोटं साथ देत नसत तर दोन्ही मनगटांमध्ये पंप धरून तो मारायचा, घंगाळभर कढत पाणी काढायचं आणि मोरीचा पडदा ओढून कोपरापर्यंत हात त्यात घालून बसायचं. पाणी सोसवत नसे. पण त्या कढतपणात हळूहळू एकेक बोट विरघळल्यासारखं सुटत जाई, आणि सातचा भोंगा होईस्तोवर हात निम्माशिम्मा कामाचा होई. आंघोळीला एवढा वेळ काय लागतो, असं सीताराम बाहेरून ओरडे. तो मोर्च्यांच्या नादात होता, कालच्या सभेत कोण काय बोललं ते मोरीबाहेर उभा राहून ऐकवायचा, आणि ती आत बसून हूं हूं करायची. त्याला सांगावं असं रोज वाटे. पण डोळ्यांपुढे गावची तान्हीकाकी यायची. तान्हीकाकी एके काळी मुंबईत होती म्हणे, हातांत वात शिरला म्हणून तिला बोटीत बसवून दिली. बकुळेनं पाहिली तेव्हा तिची बोटं सगळीच्या सगळी करंगळीकडे कलली होती, वाऱ्यानं भात कलतं तशी, आणि ती चहाचा पेला दोन मनगटांत धरून प्यायची. मुंबईला कोणी निघालं की ती घरापुढच्या खळ्यात उभी राहून बघायची. आजारी माणूस गावी धाडायचं, ही गिरणगावातली सरळ रीत. त्यात कुणाचं वाईट मन नसतं. एका खोलीत आजारी माणूस ठेवणार कुठे? बकुळेला मरणाची भीती नव्हती, त्या खळ्याची होती.

सासूला मात्र सगळं लपवता येईना, कारण वेणी. दोन्ही हात मागे नेऊन तीन पेडांची वेणी घालणं सकाळी अशक्य झालं तेव्हा बकुळा म्हणाली, मान लचकलीय, तुम्ही घाला. मग मान लचकलेलीच राहिली. सुंदराबाई काही दुधखुळी नव्हती. तिनं निर्गुडीचा पाला बांधला, ताक-चिंच बंद केली, आणि गावच्या वेतोबाला केळ्यांचा घड बोलली. "वात म्हणूचो तर ह्या वयात कसलो वात?" ती स्वतःशीच पुटपुटायची. "माका साठ झाली तरी इलो नाय." नाक्यावरच्या दवाखान्यातही जाऊन झालं होतं. दवाखाना संध्याकाळचा. संध्याकाळी बकुळेचे हात फुलासारखे हलके! डॉक्टरांनी मूठ वळायला सांगितली, तिनं वळली. ते म्हणाले, हात तर झकास चालतोय, अशक्तपणा आहे, आणि लाल औषधाची बाटली दिली. घरी येताना तिला आपण खोटारडी बाई आहोत असं वाटलं. सकाळची बाई आणि संध्याकाळची बाई अशा दोघी तिच्यात राहत होत्या, आणि संध्याकाळची जाऊन सकाळच्या बाईविरुद्ध साक्ष देऊन येत होती.

मीराबाईनं पकडलं ते आषाढात. सकाळचे साडेसात वाजलेले, चार तारा एकदम तुटल्या आणि बकुळेच्या चिमटीतून टोक तीनदा निसटलं. चौथ्यांदा तिनं ते दातांत धरलं. मागून मीराबाईचा हात आला, गाठ मारून गेला. दुसऱ्या दिवसापासून सकाळचे दोन तास बकुळा मशीनवर नाही, कोपऱ्यात रद्दी सूत निवडायला बसेल, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं. नव्या पोरी आता बकुळेकडे बघेनात, किंवा बघून चटकन मान फिरवू लागल्या, जे जास्त वाईट होतं. जेवणाच्या सुट्टीत मीराबाई तिच्यासमोर येऊन बसली. "किती दिवस झाकणार? खात्याच्या मास्तराला कळलं तर मशीन जाईल, मग मी काही करू शकणार नाही."

"वात आहे हो, मीराबाई. सासूबाईंनी वेतोबाला नवस बोललाय, उतरेल."

"हे बघ बकुळे," मीराबाई म्हणाली, "गेल्या दसऱ्याला नागपुरास जाऊन आले, दीक्षा घेतली, तेव्हापासून नवस-बिवस आमच्या घरात बंद. तुझ्या वेतोबाशी माझं भांडण नाही. पण त्याला हाताचा फोटो काढता येतो का? आमच्या घरचे दौलतराव परळच्या इस्पितळात वॉर्डात कामाला आहेत. तिथं बुधवारी नुसते सांधेच बघणारी एक डॉक्टरीण बसते, विलायतेहून शिकून आलेली. जायचं. मी नाव घालून ठेवते."

आता इथं बकुळेनं जी चूक केली ती आपल्यातली कुठलीही बाई करील. बुधवारी सकाळी सुंदराबाई पहाटेपासून मागे लागली. "डॉक्टरणीकडे जातंस ती काय पारोशी जातलंस? लोक काय म्हणतले?" देवळात आणि डॉक्टराकडे पारोशानं जायचं नाही, हे त्यांच्या घरात ठरलेलं. दोन घंगाळं कढत पाणी झालं, अंगाला उटणं, हातांना खोबरेल चोळून झालं, सासूनं वेणी घातली, नवं लुगडं, नव्या बांगड्या. दहा वाजता नंबर आला तेव्हा बकुळा लग्नघरातून उठून आल्यासारखी बाकावर बसली होती आणि हात, हो, हात झकास चालत होते. डॉक्टर मृणालिनी तळपदे उंच, किडकिडीत, पांढऱ्या साडीतल्या. त्यांनी तिची बोटं एकेक करून दाबली, मग पंजा दोन्ही बाजूंनी मुठीत धरून आवळला. कळ अशी गेली की डोळ्यांपुढे काजवे. "दुखतं?" त्यांनी विचारलं. बकुळा म्हणाली, "नाही... तसं काही नाही." डॉक्टरापुढे रडगाणं गायचं नाही, हेही ठरलेलंच. तळपदेबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग तेल पाजलेल्या हातांकडे, मग त्या नीटस वेणीकडे. कागदावर काही न लिहिता त्यांनी विचारलं, "वेणी छान आहे. कोण घालतं?"

"सासूबाई."

"कधीपासून?"

बकुळेला उत्तर सहज देता आलं असतं. मान लचकलीय. गेले चार महिने ते ओठांवर तयारच होतं. पण त्या प्रश्नानं तिच्या आत कुठंतरी तार तुटली आणि दुसरं टोक सापडेना. आजवर सगळ्यांनी हाताला विचारलं होतं, दुखतं का, वळतं का. वेणीला कुणी विचारलं नव्हतं. "शिमग्यापासून," ती म्हणाली, आणि मग घंगाळ, मनगटात धरलेला पंप, दातात धरलेलं सूत, सगळं भडाभडा बाहेर आलं. तळपदेबाई ऐकत राहिल्या. शेवटी हसून म्हणाल्या, "म्हणजे आज तू मला आजार धुऊन, पुसून, तेल लावून दाखवायला आणलास होय! परवा शुक्रवारी सात वाजता ये. आंघोळ नाही. तेल नाही. चहाच्या कपानं हात शेकायचे नाहीत. वेणीसुद्धा नाही. उठशील तशी ये."

शुक्रवारची ती वाट. लालबाग ते परळ कितीसं अंतर, पण बकुळेला ते सरता सरेना. विस्कटलेले केस पदराखाली कोंबलेले, काल रात्रीचंच लुगडं, डोळ्यांत चिपाडं आहेत की काय ही धास्ती, आणि दोन्ही हात पोटाशी धरलेले. सुंदराबाई तोंड फिरवून बसली होती. सीतारामला बुधवारी नुसतं अशक्तपणाचं सांगितलं होतं, काल संध्याकाळी मात्र खरं सांगावंच लागलं, आणि सांगताना तिनं शेवटचं आधी विचारलं होतं, "मला गावी धाडणार?" त्यानं तिचे दोन्ही हात उजेडात धरून पाहिले. मग म्हणाला, "गावी कशाला? तिकडे काय सांध्यांची डॉक्टरीण बसते?" एवढंच. पण आत्ता तो तिच्या दोन पावलं पुढे चालत होता, मध्येच थांबत होता, आणि ओळखीचं कुणी दिसलं की मुद्दाम मध्ये येऊन उभा राहत होता, तिचा अवतार दिसू नये म्हणून. तिला त्याची अशी माया आली की बोटं धड असती तर तिनं भररस्त्यात त्याचा हात धरला असता. सगळं जग आंघोळ करून, इस्त्री करून कामाला चाललं होतं आणि आपण एकटीच रात्रीची उचलून दिवसात ठेवलेली बाई, असं तिला वाटत होतं. लाज वाटत होती. आणि लाजेच्या खाली एक विचित्र सुटका होती. आज हातांना नटवायचं नव्हतं. जसे आहेत तसे न्यायचे होते.

तळपदेबाईंनी घड्याळ टेबलावर ठेवलं. रक्तदाब मोजायची कापडी पट्टी गुंडाळून बकुळेच्या मुठीत दिली, मुठीत म्हणजे पंजात, आणि म्हणाल्या, दाब. बकुळेनं जीव खाऊन दाबलं. काचेच्या नळीतला पारा जरासा हलला, चाळिसाशी जाऊन थरथरला आणि खाली बसला. दर पंधरा मिनिटांनी दाबायचं. साडेसात, पावणेआठ, आठ. साडेनऊनंतर कुठं पारा नव्वदाच्या वर चढू लागला. बाईंनी प्रत्येक आकडा लिहिला. बकुळा त्या कागदाकडे बघत होती. चार महिन्यांत पहिल्यांदा तिच्या सकाळचा हिशेब कुणीतरी लिहून घेत होतं! ती खोटारडी नव्हती. तिला रडू फुटलं, आणि नाक पुसायला हात वळेना म्हणून हसूही आलं. मग फोटो झाले, रक्त झालं; एक तपासणी मेंढीच्या रक्तातल्या पेशी घालून करतात हे ऐकून तिनं मेंढीला मनातल्या मनात नमस्कार केला. आठवड्यानं बाईंनी फोटो उजेडापुढे धरला. "हा संधिवात आहे, पण म्हातारपणी गुडघे धरतात तो नव्हे. ह्यात सांध्याचं अस्तर सुजतं आणि वेळ मिळाला तर हाड कुरतडतं. माझ्याकडे बायका येतात त्या पाच-पाच वर्षांनी, बोटं वाकडी झाल्यावर. त्यांना मी सरळ करू शकत नाही. तू पाचव्या महिन्यात आलीस. ही बघ, हाडं शाबूत आहेत. ही शाबूत ठेवायची."

"माझं मशीन?"

"तेही." बाई एकदम म्हणाल्या, मग जरा थांबून, "बहुतेक. मी मनापासून सांगते, बहुतेक."

उपचार म्हणजे काय, सगळा संसारच बदलला. ठरल्या वेळी ठरलेल्या ॲस्पिरीनच्या गोळ्या, जेवणावरच घ्यायच्या. निजताना मनगटांना प्लास्टरच्या पट्ट्या, त्या सीताराम बांधी आणि बांधताना म्हणे, "आता गप पड, नाहीतर बेड्याच ठोकतो." इस्पितळात कोमट मेणात हात बुडवायचे. आणि दर आठवड्याला एक सुई, सोन्याची. खरंच सोनं असतं त्या औषधात, बाई म्हणाल्या. अंगाला खाज सुटली, तोंड आलं, की त्याच दिवशी यायचं, आणि प्रत्येक सुईआधी लघवी तपासायची. सुंदराबाईनं कपाळावर हात मारला. "आंगार घालूक सोन्याचो मणी नाय, नि आंगात सोनां टोचून घेतंस!" पण पुढच्या बुधवारी तीच चाळीत सांगत फिरत होती की माझ्या सुनेला सोन्याची सुई चालू आहे, ऐरीगैरी नाही. पहिली सुई झाली, चौथी झाली, आठवी झाली. काही फरक नाही. पारा पन्नासाशीच. बाईंनी आधीच सांगितलं होतं, तीन-चार महिने सोनं बोलत नाही. गणपती आले-गेले, दसरा झाला, दिवाळीच्या करंज्यांना मुरड दुसरीनं घातली. बकुळा रद्दी सूत निवडत बसे आणि तिच्या मनात तान्हीकाकीचं खळं सारवून तयार होई. एकदा तिनं सुई चुकवायचं ठरवलंही. त्या दिवशी मीराबाई खात्यातून तडक तिच्याबरोबर परळला आली, बाकावर मांडी ठोकून बसली आणि म्हणाली, "गाठ टिकेपर्यंत तुला घरी सोडलं नव्हतं, आठवतंय ना?"

आणि मग पौषातली एक सकाळ. ऐन थंडी, जिच्यात वात सोसत नाही म्हणतात. बकुळा उठली, केस मोकळे होते, खिडकीतून गार वारा आला म्हणून तिनं ते मागे घेतले, तीन पेड केले, पहिला दुसऱ्यावर, तिसरा पहिल्यावर, मनात चहाची पूड संपल्याचा विचार, आणि वेणीचं टोक हातात आलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती काय करून बसलीय. अजून पाणीसुद्धा तापवलं नव्हतं! ती तशीच उभी राहिली, टोक घट्ट धरून, सोडलं तर सगळं सुटेल की काय. मागे सुंदराबाई कधी उठून बसली होती कोण जाणे, फणी तिच्या हातात तयार. तिनं वेणीकडे पाहिलं, फणीकडे पाहिलं, आणि म्हातारीचा चेहरा पडला. "माझी गरज सरली मगे," ती म्हणाली. मग सुंदराबाईच सरकून पुढ्यात येऊन पाठ करून बसली, फणी मागे दिली. "बघतंस काय? आता माझी घाल." त्या पांढऱ्या, चिमूटभर केसांत बकुळेची दाही बोटं फिरली आणि दोघी एकमेकींना तोंड न दाखवता रडल्या. सीतारामनं उठून विचारलं, काय झालं, कोण गेलं? "कोण जाऊक नाय रे मेल्या," सुंदराबाई म्हणाली, "हिचे हात परत इले."

माघात पारा दोनशेच्या घरात गेला तेव्हा तळपदेबाईंनी खुर्चीवरून उठून तो पुन्हा वाकून पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बकुळा रद्दीच्या कोपऱ्याकडे गेलीच नाही, मशीनसमोर जाऊन उभी राहिली. मीराबाई आली. तिनं एक तुटकं सूत तिच्यापुढे धरलं. बकुळेनं डोळे मिटले. बोटांना टोक सापडलं, दुसरं सापडलं, आणि गाठ पडली ती पडतानाच तिला कळली. मीराबाईनं ओढून पाहिलं. पुन्हा ओढलं, जरा जास्तच. मग नव्या पोरींकडे वळून खेकसली, "काय बघताय? बघा, नीट बघा!" आजार गेला नव्हता, तो जात नाही, धाकात राहतो, हे बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. सुई महिन्यावर आली, पण चालू राहिली. उजव्या हाताचं मधलं बोट किंचित जाड राहिलं ते राहिलंच.

एकोणीसशे साठच्या मे महिन्याची पहिली तारीख, रविवार. चाळीत कुणी झोपलंच नव्हतं म्हणा. सहाच्या सुमाराला रस्त्यावर ढोल वाजायला लागले, तोरणं चढली, सीताराम केव्हाच खाली पळाला होता. बकुळेला उठायला जरा उशीर झाला. ती डोळे चोळत गॅलरीत आली. खाली बायकांचा घोळका चालला होता, तीच नाक्यावरची मंडळी, आणि ती मागची बाईही. 'संयुक्त महाराष्ट्र' असा आवाज उठला आणि 'झालाच पाहिजे' म्हणायची सवय असलेले सगळे क्षणभर अडखळले, मग कुणीतरी ओरडलं, "झाला! झाला!" आणि बकुळेचा हात वर गेला. वर गेल्यावर तिनं त्याच्याकडे पाहिलं. मूठ होती. चारही टेंगळं वर आलेली, अंगठा बाहेरून घट्ट दाबलेला, नखं तळव्यात रुतलेली. सकाळचे सव्वासहा वाजले होते. पाण्याचा थेंब हाताला लागला नव्हता.

ती जिन्याकडे धावली. मागून सुंदराबाई ओरडली, "अगो, आंघोळ तरी कर! पारोशी खंय चाललंस?"

"पारोशीच!" बकुळा ओरडली, आणि कठडा मुठीत धरून तीन मजले उतरून गेली.